भावाची ओळख पटली

बेल वाजली तेव्हा मला वाटलं नळवाला आला. स्वयंपाकघरातला नळ किती दिवस गळत होता आणि तो रोज फोनवर 'आज पक्का' म्हणत होता. दार उघडलं तर बाहेर एक हवालदार आणि त्याच्यासोबत एक तरुण महिला शिपाई.

"मॅडम, आप अकेली रहती हैं?" तिने विचारलं.

एकट्या राहणाऱ्या वयस्क लोकांची नोंद करायला ठाण्यातून मागे एकदा माणसं येऊन गेली होती. तसंच काही असेल म्हणून मी सांगितलं, माझं नाव लिहून झालंय. हवालदाराने मान हलवली. "वो नहीं. आप लोग पहले गढ़ा में रहते थे?"

जबलपूरच्याच गढा भागात आम्ही भाड्याने राहायचो. वडील संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत होते, आणि त्या दोन खोल्यांतच मी आणि माझा भाऊ वाढलो. आई गेल्यावर मी ती जागा सोडली आणि महाराजपूरच्या या कॉलनीत आले. हे दोघं आधी गढ्याला जाऊन आले होते. तिथल्या किराणावाल्याने त्यांना सांगितलं होतं, मराठी मास्टरनी महाराजपूरला गेली म्हणून.

मी त्यांना आत बसवलं. पाणी दिलं. हवालदाराने पाणी पिऊन विचारलं, "आपका कोई भाई है?"

मी आयुष्यभर शाळेत हिंदी शिकवली. भूतकाळ, वर्तमानकाळ, 'है' आणि 'था', हे पोरांकडून घोकून घेतलं. आणि एवढ्या साध्या प्रश्नाला मला पटकन उत्तर देता येईना.

"है," मी शेवटी म्हटलं.

भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकला. वडिलांना वाटायचं, तो त्यांच्याच फॅक्टरीत लागेल, पण त्या काळात भरतीच बंद होती. तो आधी आखातात गेला आणि तिथून पुढे युरोपात. सुरुवातीला महिन्यातून एकदा फोन यायचा. आमच्याकडे फोन नव्हता. गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचं दुकान होतं, तिथला दुकानदार ओरडायचा, "अम्मा, विदेश से!" आणि आई हातातलं टाकून धावायची. आई विचारायची, केव्हा येशील. तो म्हणायचा, "येऊन राहिलो ना आई, या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी."

मग फोन दोन-तीन महिन्यांनी यायला लागले. मग बंदच झाले. त्याने दिलेल्या पत्त्यावर पाठवलेली पत्रं परत आली. वकिलातीला लिहिलं, तिकडून उत्तर आलं की माहिती उपलब्ध नाही. वडील गेले, त्याला कळवायला पत्ता नव्हता. वडिलांच्या पहिल्या श्राद्धाला गुरुजींनी हळूच विचारलं होतं, मुलाचंही नाव घ्यायचं का. आई म्हणाली, "जित्या माणसाला पाणी देत नसतात, गुरुजी." पुन्हा कोणी तो विषय काढला नाही. मग आईही गेली.

आईनंतर घरात मराठी बोलायला कोणी उरलं नाही. नागपूरच्या मावसबहिणीचा दिवाळीला फोन येतो, तिची मुलं माझ्याशी हिंदीतच बोलतात. शेजारपाजार सगळा हिंदी. माझ्या तोंडून मराठी निघायची ती दूध उतू गेलं की, नाहीतर पायाला ठेच लागली की.

महिला शिपायाने तिच्या मोबाइलवर एक फोटो उघडून माझ्यापुढे धरला. पांढरी भिंत. समोर पांढरी दाढी वाढलेला एक माणूस, एक डोळा सुजलेला. मी त्याला ओळखलं नाही. मी ओळखलं ते वडिलांना. शेवटच्या आजारपणात ते अगदी असे दिसायचे, गालफडं बसलेली आणि नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला.

"पहचानती हैं?"

"ज़िंदा है?" मी विचारलं.

"ज़िंदा है, मॅडम," हवालदार म्हणाला. "बाहर के किसी देश में है. कागज़ नहीं है उनके पास. वो देश पूछ रहा है कि ये हिंदुस्तानी है क्या."

मग प्रश्न सुरू झाले. वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्म कुठला, शाळा कुठली. अंगावर काही खूण? मी सांगितलं, डाव्या दंडावर भाजल्याचा डाग आहे, लहानपणी दिवाळीत अनार फुटला होता. शिपाईबाईने हातातल्या कागदावर बोट ठेवलं आणि हवालदाराकडे पाहून मान हलवली. तो डाग तिच्या कागदात होता. म्हणजे कुठल्याशा देशात कोणीतरी त्याचा शर्ट काढून दंड पाहिला होता, तसं लिहून ठेवलं होतं, आणि तो डाग आता माझ्या टीपॉयवर येऊन पडला होता. तो फुटलेला अनार मी पेटवून दिला होता. आई त्या दिवशी दोघांनाही बोलली होती.

"कौन सा देश?" मी विचारलं.

हवालदाराने कागद उलटसुलट केले. "इसमें नहीं लिखा. हमको भोपाल से आया है. भोपाल को दिल्ली से. दिल्ली को वहाँ की एम्बेसी से." मग थोडं मवाळ होऊन म्हणाला, "आप हाँ बोल दो मॅडम. भाई घर आ जाएगा."

मी हो म्हटलं. लिहूनही दिलं, की फोटोतली व्यक्ती माझा सख्खा भाऊ आहे. साक्षीदार म्हणून शेजारच्या निवृत्त बँकवाल्यांची सही घेतली. सही करताना त्यांनी मला विचारलं, "आपका भाई भी है?" इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहत होतो, आणि हे त्यांना आज कळत होतं.

ते दोघं गेल्यावर नळवाला आला. त्याने नळ बदलला. मी त्याच्याशी काय बोलले ते मला आठवत नाही.

मागची खोली मी दुसऱ्या दिवशीपासून आवरायला घेतली. शाळेतली जुनी पुस्तकं, आईचा वॉकर, तुटका कूलर, सगळं काढलं. पलंग उन्हात ठेवला. वाटलं होतं, आठ-दहा दिवसांत काही कळेल. महिना गेला. दुसरा गेला. मी ठाण्यात गेले, तो हवालदार बदलून गेला होता. तिथून मला सिव्हिल लाइन्समधल्या एका कार्यालयात पाठवलं.

तिथे काचेच्या पलीकडे एक तरुण अधिकारी होता. माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, बोलायला सभ्य. त्याने संगणकात पाहिलं आणि म्हणाला, "मॅम, आपका पार्ट कम्प्लीट है. यहाँ से रिपोर्ट चली गई."

"मग आता तो कुठे आहे?" हे मी मराठीतच म्हटलं. कसं कोण जाणे. लगेच हिंदीत पुन्हा विचारलं.

तो ओशाळला. सांगू लागला, की हे एका सरकारने दुसऱ्या सरकारला दिलेल्या माहितीचं प्रकरण आहे. ती माहिती कार्यालयातून कार्यालयात जाते. मधल्या मधे कोणी नातेवाइकाला द्यायची नाही. "वो अडल्ट हैं मॅम. उनकी प्राइवेसी है. वो खुद बोलेंगे कि बहन को बता दो, तब कोई आपको बता पाएगा."

"पर मुझसे तो पूछा आप लोगों ने. माँ का नाम, बाप का नाम, हाथ का दाग."

"जी मॅम. वो वेरिफिकेशन था."

मी बाहेर आले. आवारात चिंचेच्या झाडाखाली बाक होतं, त्यावर बसून डब्यातली पोळी-भाजी खाल्ली, कारण परत जाईपर्यंत उशीर झाला असता. दोन सरकारांना माझ्या भावाचा ठावठिकाणा माहीत होता. मधल्या चार कचेऱ्यांना थोडा थोडा माहीत होता. मला मात्र तो कुठल्या देशात आहे एवढंही माहीत नव्हतं. आणि अधिकारी म्हणाला त्यातलं एक वाक्य मनात राहून गेलं. तो स्वतः बोलेल तेव्हा. म्हणजे तो अजून बोललेला नव्हता.

उन्हाळा संपत आला तेव्हा एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी बहुधा असे फोन घेत नाही. घेतला.

"ताई?"

आवाज घोगरा होता, पण 'ताई'तला 'ता' तो लहानपणापासून जरा लांबवतो.

"कुठून बोलून राहिला?" मी विचारलं. तो शब्दप्रयोग माझ्या तोंडून कितीतरी वर्षांनी निघाला.

"दिल्ली. एअरपोर्टवर सोडून दिलं त्यांनी. तुझा नंबर माझ्या फाइलीत होता." जरा थांबून म्हणाला, "आई कशी आहे?"

मी म्हटलं, "तू ये आधी."

पलीकडे बराच वेळ नुसती विमानतळावरची घोषणा ऐकू येत राहिली. मग तो म्हणाला, "अच्छा." आणि थोड्या वेळाने पुन्हा, "अच्छा. येतो."

जबलपूर स्टेशनावर गाडी आली तेव्हा मी प्लॅटफॉर्मच्या मधोमध उभी होते. लोक उतरले, पांगले. एक वाकलेला माणूस, हातात पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी, माझ्या अंगावरून पुढे निघून गेला. मी त्याच्या पाठीला घरातल्या नावाने हाक मारली. तो थांबला, पण लगेच वळला नाही. मग वळून माझ्याकडे पाहून म्हणाला, "तू तर आईसारखी दिसून राहिली." आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. कुली येऊन विचारून गेला, सामान आहे का. नव्हतं.

घरी येताना त्याने रिक्षातून फक्त एकदा बाहेर बोट दाखवून विचारलं, इथे टॉकीज होती ना. मी म्हटलं, आता मॉल आहे.

पहिले काही दिवस तो झोपला. दुपारी उठायचा, जेवायचा, पुन्हा झोपायचा. मी त्याच्या आवडीचं करत होते. भरली वांगी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. तो सगळं खायचा, पण काही मागायचा नाही. मला गंमत वाटायची ती त्याच्या मराठीची. माझ्या मराठीत इतक्या वर्षांत हिंदी मुरली होती. त्याची मात्र घरातून गेला तेव्हाचीच होती, आईच्या तोंडची. तिकडे ती वापरायला कोणी नव्हतं, म्हणून झिजलीही नव्हती. त्याने 'का'च्या जागी 'काहून' म्हटलं की मला स्वयंपाकघरात आई आहे असं वाटायचं.

आठवडा झाला असेल. आम्ही जेवत होतो. त्याने घास खाली ठेवला.

"तुला विचारलं होतं ना ताई, हा तुझा भाऊ आहे का म्हणून?"

"हो. घरी आले होते."

"तू काहून हो म्हटलं?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. "म्हणजे? मग काय म्हणायचं होतं?"

"ओळखत नाही म्हणायचं." तो ताटाकडे पाहत होता. "मी तिथं कोठडीत सहा महिने रोज तेच सांगून राहिलो होतो, मी कोणाचाच नाही म्हणून. नाव नाही, गाव नाही. त्यांच्याकडे कागद नव्हता तोपर्यंत ते मला कुठं पाठवणार होते? तुझा हो तिथं पोचला आणि आठ दिवसांत तिकीट निघालं."

"मी तुझा फोटो पाहिला," मी म्हटलं. "डोळा सुजलेला. मी नाही कशी म्हणू?"

तो उठला. हात धुवून मागच्या खोलीत गेला. मी ताटं तशीच झाकून ठेवली. मला त्याचा राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्हींपैकी काहीच नीट बाहेर पडेना. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो माणूस भिंतीपलीकडे होता, आणि त्याला इथे यायचंच नव्हतं.

पुढे हळूहळू त्याने सगळं सांगितलं. एका बैठकीत नाही. भाजी निवडताना थोडं, गच्चीवर थोडं. युरोपातल्या ज्या देशात तो आधी होता तिथे त्याच्याकडे कामाचा परवाना होता. परवाना देताना तिथल्या लोकांनी त्याच्या दहाही बोटांचे ठसे घेतले होते. पुढे मालक बुडाला, परवाना संपला, आणि तो शेजारच्या देशात गेला. तिथे चोरून राहिला. तेव्हापासून त्याने फोन करणं सोडलं.

"भीती वाटायची," तो म्हणाला. "एकदा कुठं नाव दिलं की ते नाव तिकडून इकडे पोचतं. फोन केला तर फोनवरून शोधतील असं वाटायचं. मग भीती गेली, तर लाज वाटायला लागली. एवढ्या वर्षांनी आईला काय सांगणार, कुठं होतो?"

तो तिथे एका वर्कशॉपमध्ये कठडे, जिने, फाटकं जोडायचा. सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायचा. आणि तो तिथे एकटा नव्हता. एक बाई होती. तीही त्या देशातली नव्हे, आणखी दुसऱ्या देशातून आलेली, विधवा, वृद्धाश्रमात स्वयंपाक करणारी. तिच्याकडे सगळे कागद होते, याच्याकडे एकही नव्हता, म्हणून लग्न झालं नाही. पण बारा-तेरा वर्षं त्यांनी संसार केला.

एका सकाळी कामावर जाताना एका गाडीने त्याच्या सायकलला धडक दिली. चूक गाडीवाल्याची. लोकांनीच दवाखान्यात नेलं. पोलीस आले ते त्याची तक्रार घ्यायला. नाव विचारलं, तो गप्प राहिला. त्यांनी खिशातून एक लहानसं यंत्र काढलं आणि त्याचं बोट त्यावर टेकवलं. त्याची समजूत होती की आपण या देशात कधी ठसे दिलेच नाहीत, यांना काय सापडणार. पण त्या देशांचं आपसांत ठरलेलं असतं. शेजारच्या देशाने कितीतरी वर्षांपूर्वी घेतलेले ठसे तिथल्या तिथे जुळले. ठशांवरून नाव निघालं, नावावरून जुन्या पासपोर्टचा नंबर, पासपोर्टवरून गढ्याचा पत्ता. नाव कळलं तरी तो 'तो मी नव्हे' म्हणत राहिला. मग तो पत्ता हवालदाराला घेऊन माझ्या दारात आला.

"मला पोलिसांनी धरलं तेव्हा ती दवाखान्याच्या बाहेर उभी होती," तो म्हणाला. "मी तिला ओळख दाखवली नाही. तिला त्रास होईल म्हणून."

मी विचारलं, परत जाता येईल का. तो म्हणाला, आता काही वर्षं नाही. एका देशाने बंदी घातली की ती त्या सगळ्या देशांना दिसते.

मी त्याला म्हटलं, "मला आधी माहीत असतं हे सगळं, तरी मी हो म्हटलं असतं." ते खरंच होतं. मला त्याच्यापासून काही लपवायचं नव्हतं. तो म्हणाला, "माहीत आहे."

त्याचं इथलं आयुष्य उभं करायचं तर आधी आधार कार्ड हवं होतं. त्याशिवाय त्याच्या नावाचं साधं सिम मिळेना. आम्ही केंद्रात गेलो. यंत्रावर त्याची बोटं उमटेचनात. वेल्डिंगने रेषा गुळगुळीत झाल्या होत्या. तिथल्या मुलीने ओल्या फडक्याने पुसायला लावलं, मग कोरड्याने. "अंकल, ज़ोर से दबाइए." तो दाबत होता, कपाळाला घाम आला होता. बाहेर रांग खोळंबली होती. मी त्याच्या कानाशी म्हटलं, "तिकडे तर बरोबर उमटले." तो पहिल्यांदा हसला. जोरात हसला. मुलगी बघायला लागली. शेवटी डोळ्यांचे फोटो घेऊन काम भागलं.

सिम मिळाल्यावर तो रोज दुपारी गच्चीवर जाऊन बोलायचा. वरून त्याचा आवाज येई, कुठल्या तरी जड, घशातल्या भाषेत. माझ्याशी तो चार वाक्यं बोलायचा, तिथे भरभरून बोलायचा. त्याला चिडताना, थट्टा करताना, समजूत घालताना मी ऐकत होते, पण एक शब्द कळत नव्हता. आईनंतर या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज नव्हता. आता होता. मी खाली बसून तो ऐकायची, आणि घर आधीपेक्षा रिकामं वाटायचं.

पावसाळ्यानंतर त्याला रांझीला एका फॅब्रिकेशनच्या दुकानात काम मिळालं. मालकाने त्याने जोडलेला एक सांधा पाहिला आणि ठेवूनच घेतलं. रोज महाराजपूरहून जाणं-येणं दूर पडतं, असं म्हणत त्याने तिथेच खोली घेतली. मी म्हटलं, मागची खोली आहे ना तुझी. तो म्हणाला, "आहे ना. येत जाईन." मला कळत होतं की प्रश्न अंतराचा नव्हता. इतकी वर्षं कोणाला न सांगता राहिलेल्या माणसाला रोज कोणीतरी 'कुठे गेला होतास, केव्हा येशील' विचारणं सोसत नव्हतं. आणि मला ते विचारल्याशिवाय राहवत नव्हतं. शेजारच्या बँकवाल्यांनी त्याला टेम्पोत गादी चढवताना पाहिलं. म्हणाले, "भाईसाहब चले गए?" मी म्हटलं, "यहीं हैं, रांझी में."

तो येतो. दर रविवारी नाही, पण येतो. जेवून जातो, एखादी खिडकी, एखादा कडी-कोयंडा दुरुस्त करून जातो.

मागच्या महिन्यात मीच त्याच्याकडे गेले. भरीत केलं होतं, ते डब्यात नेलं. दार उघडंच होतं. तो पलंगावर बसून मोबाइल समोर धरून बोलत होता. मला पाहून मागे फिरायला सांगेल असं वाटलं, पण त्याने हाताने बोलावलं आणि फोन माझ्याकडे वळवला.

बाई साठीची असेल. आखूड कापलेले पांढरे केस, जाड स्वेटर, रुंद चेहरा. मी हात जोडले. तिनेही घाईने हात जोडले, तिच्या हातातला फोन हलला आणि क्षणभर नुसतं छत दिसलं. आम्ही दोघी हसलो. बोलायला आमच्याकडे एकही सामायिक शब्द नव्हता.

"ती खोली सोडून राहिली," भाऊ मला म्हणाला. "तिच्या आधीच्या लग्नाच्या मुलीकडे जाणार, दुसऱ्या शहरात. माझ्या सामानाचं काय करू विचारते."

"दाखव म्हणावं मला," मी म्हटलं. "तुझी खोली. कशी होती ते."

त्याने तिला काहीतरी सांगितलं. ती उठली आणि फोन घेऊन घरभर फिरली. मला एक निळ्या टाइल्सचं लहान स्वयंपाकघर दिसलं. खिडकीतलं पांढरट ऊन. लोखंडी फळी, त्याने स्वतः केलेली, तिच्यावर मसाल्याच्या बाटल्या. दारामागे त्याचा कोट. खुर्चीखाली जोडे, नीट एकाशेजारी एक ठेवलेले. भाऊ हळू आवाजात मला सांगत होता, हे टेबल मी रस्त्यावरून उचलून आणलं, हा जिना माझाच, खाली सायकलवाला राहतो, भला माणूस आहे. तिने एक पत्र्याची पेटी उघडून दाखवली. त्यात त्याची अवजारं होती. ती काहीतरी विचारत होती, तो 'नाही, नाही' अशी मान हलवत होता.

"काय म्हणाली?"

"कुरियर करू का विचारते. मी म्हटलं, नको. तिथल्याच कोणाला तरी दे. जड आहेत."

तिने पेटी बंद केली. मग कॅमेरा पुन्हा स्वतःकडे वळवून ती माझ्याशीच बराच वेळ बोलली. मी मान हलवत राहिले. भावाने ते मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. फोन बंद झाल्यावर तो भांडी काढायला उठला. दोन ताटं होती त्याच्याकडे. आम्ही भरीत-भाकरी खाल्ली. दुकानातल्या मालकाबद्दल थोडं बोललो, माझ्या गुडघ्याबद्दल थोडं.

अंधार पडायच्या आत निघ म्हणाला. नाक्यापर्यंत सोडायला आला, ऑटोवाल्याशी स्वतः बोलला, मागच्या सीटवरचं पाणी रुमालाने पुसून दिलं. ऑटो निघाला तेव्हा तो हात वर करून उभा होता, आणि मग लगेच वळून चालू लागला.

पुढे ऑटोत दुसरं कोणी बसलं नाही. ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "दीदी, गाना लगा दूँ?"

मी म्हटलं, लगा दो.